घंटा वाजल्यावर कोण येणार?

परिचारिका भगिनींनो आणि बंधूंनो, फिजिओथेरपिस्ट आणि डॉक्टर मित्रहो, आणि घरच्या आजारी माणसाजवळ आज कुणाला तरी बसवून इथवर आलेल्या नातेवाइकांनो,

 अधिवेशनाच्या अध्यक्षानं शुश्रूषेच्या साऱ्या क्षेत्राचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. ती आज बाजूला ठेवून मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे. घरी सांभाळत असलेलं वडीलधारं माणूस रात्री अंथरुणातून उठतं आणि पडतं. ते पडू नये म्हणून नातेवाईक आता आपल्याला विचारू लागले आहेत, ‘अंथरुणातून उठलं की वाजणारा बेड अलार्म घेऊ का?’ या प्रश्नाचं उत्तर ‘घ्या’ किंवा ‘नको’ एवढं देऊन आपण मोकळे होतो. उत्तर त्याहून मोठं आहे.

पुण्यात शुश्रूषेबद्दल बोलायचं तर रमाबाई रानड्यांचं स्मरण आधी केलं पाहिजे. 1909 साली त्यांनी इथे सेवासदन उभं केलं, आणि ससून रुग्णालयाच्या आधारानं मध्यमवर्गीय घरांतल्या मुलींना, विधवांना नर्सिंगचं शिक्षण मिळू लागलं. परक्या माणसाचं अंग पुसणं हे हलकं काम समजलं जाण्याचा तो काळ होता. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचाही या गावाशी धागा होता. पुणे सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार चाले. याच नाइटिंगेल यांनी 1853 मध्ये लंडनच्या हार्ली स्ट्रीटवरचं रुग्णालय हाती घेताना एक मागणी केली होती. रुग्णांच्या घंटा नर्सच्या दाराबाहेर वाजाव्यात, आणि प्रत्येक घंटेबरोबर एक झडप उघडून ती उघडीच राहावी, म्हणजे कुणी बोलावलं ते नर्सला दिसेल.

ती घंटा रुग्णाच्या हातात होती. त्याला वाटलं तर तो ती वाजवी. बेड अलार्म याच्या उलट आहे. माणसानं बोलावलेलं नसतं, पुष्कळदा कुणी येऊच नये अशी त्याची इच्छा असते, आणि तरी घंटा वाजते. आपल्या घरांत ही गोष्ट फार जपून समजून घ्यायला हवी. आपले आईवडील रात्री हाक का मारत नाहीत? स्मृतिभ्रंश झालेल्यांचं वेगळं. आपले पाय आता आपल्याला धरत नाहीत हेच त्यांच्या लक्षात राहत नाही. पण ज्यांची बुद्धी शाबूत आहे तेही हाक मारत नाहीत. ‘सुनेला सकाळी ऑफिस आहे, कशाला उठवू?’ ‘पोरगा आत्ता कुठे झोपलाय.’ भिंतीला धरून, दिवासुद्धा न लावता, आवाज होऊ नये म्हणून चपला हातात घेऊन जाणारे आजोबा मी पाहिले आहेत. आपल्याकडच्या कितीतरी पडण्यांच्या मुळाशी हा भिडस्तपणा आहे. म्हातारपणी आपलं ओझं होऊ नये ही इच्छाच त्यांना जमिनीवर पाडते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे 6 लाख 84 हजार माणसं पडून मरतात, आणि त्यांतली 80 टक्क्यांहून अधिक आपल्यासारख्या मध्यम आणि कमी उत्पन्नाच्या देशांतली असतात. खुब्याचं हाड मोडलेलं म्हातारं माणूस पुन्हा पूर्वीसारखं चालेलच असं नाही, हे या सभागृहाला सांगण्याची गरज नाही.

आता यंत्राकडे वळते. चादरीखाली एक पातळ पॅड असतं. त्यावरचं वजन उठलं की तारेनं किंवा बिनतारी संदेश जातो आणि यंत्र वाजतं. काही प्रकारांत पॅड पलंगाशेजारी जमिनीवर असतं आणि पाऊल पडलं की वाजतं. पण तोवर माणूस उभा राहिलेला असतो, म्हणून मला ते उशिराचं वाटतं. पॅड कमरेखाली ठेवण्याऐवजी खांद्यांखाली ठेवलं, तर माणूस उठून बसतानाच कळतं आणि काही मोलाचे क्षण हाती येतात. बेडसोअर होऊ नयेत म्हणून एअर बेड घातला असेल, तर त्यातला दाब सतत बदलतो आणि पॅडवर भरवसा ठेवता येत नाही. फार कृश माणसाचं वजन काही पॅडना जाणवतच नाही. तार पायांत येऊ नये आणि बॅटरी भरलेली असावी, कारण वीज रात्रीच जाते. आणि आवाज सांभाळणाऱ्याच्या खोलीत व्हावा. आजारी माणसाच्या कानाशी कर्कश घंटा वाजली तर ते दचकून अधिकच घाईनं उठतं. विक्रेता हे सांगत नाही. आपण सांगितलं पाहिजे.

या यंत्रानं पडणं कमी होतं का? आपल्या पेशाला शोभेल असं प्रामाणिक उत्तर द्यायचं तर रुग्णालयांतला पुरावा निराशाजनक आहे. अमेरिकेतल्या एका रुग्णालयात रोनाल्ड शोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 16 वॉर्डांत मोठा अभ्यास केला. 27,672 रुग्ण त्यात होते, आणि निष्कर्ष 2012 मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या वॉर्डांत अलार्मचा वापर मुद्दाम वाढवला होता. वापर वाढला, पडणं घटलं नाही. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला 1,839 रुग्णांवर झालेल्या अभ्यासातही, जो 2014 मध्ये छापून आला, पलंग आणि खुर्चीच्या सेन्सरचा फायदा दिसला नाही. असं का होत असावं, हे वॉर्डात रात्रपाळी केलेल्या कुणालाही कळेल. एक नर्स, कितीतरी खाटा, आणि पुन्हा पुन्हा खोट्या घंटा. कान मरतात. खरी घंटा वाजते तेव्हा नर्स दुसऱ्या टोकाला सलाइन लावत असते.

मग आपण हे यंत्र फेकून द्यायचं का? माझं मत तसं नाही, आणि त्याचं कारण सांगते. वॉर्ड आणि घर यांत फरक आहे. घरात सांभाळायला एकच माणूस असतं, घंटा ऐकून ज्याला उठायचं ते दहा पावलांवर झोपलेलं असतं, आणि त्याला बाबांच्या खोकल्याचा अर्थही कळतो. त्या अभ्यासांचे निष्कर्ष घराला जसेच्या तसे लावणं बरोबर नाही. पण घरी उपयोग होतोच, असं सांगण्याइतका पुरावाही आपल्याजवळ नाही. म्हणून मी नातेवाइकांना आधी विचारते: घंटा वाजल्यावर कोण येणार, आणि किती वेळात? अलार्म पडणं थांबवत नाही. तो माणसाला हाक मारतो. हाक ऐकणारं माणूस नसेल तर ते यंत्र फक्त पडल्याची वर्दी देणार.

घंटेचा सर्वात चांगला उपयोग मला वेगळाच वाटतो. ती आपल्याला शिकवते. तीन-चार रात्री एक वही उशाशी ठेवा. घंटा कधी वाजली, त्यांना काय हवं होतं, एवढंच लिहा. पावणेदोन, लघवी. साडेचार, लघवी. पाच, तहान. मग दीड वाजता आपणच उठून त्यांना नेऊन आणलं तर पावणेदोनची घंटा वाजतच नाही. लघवीची गोळी संध्याकाळी घेतात का, ती सकाळी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. प्रोस्टेटचा त्रास आहे का? साखर किती? झोपेची गोळी कुणी, कधी सुरू केली आणि ती अजून का चालू आहे? आडवं असताना आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत रक्तदाब मोजा; वरचा आकडा 20नं किंवा त्याहून जास्त घसरत असेल तर उठताक्षणी चक्कर येण्याचं कारण सापडलं. पलंग इतका उंच हवा की बसल्यावर तळवे जमिनीला पूर्ण टेकतील. बाथरूमचा उंबरठा, सुळसुळीत टाइल्स, दारातलं पायपुसणं, सैल लुंगी, मागे पट्टा नसलेल्या स्लिपर, हे सगळं दिवसा बघून ठेवायचं. जमत नसेल तर कमोडची खुर्ची पलंगाशीच आणा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. हे सारं केल्यावरही घंटा वाजेल, पण क्वचित. आणि क्वचित वाजणाऱ्या घंटेलाच माणूस धावतं.

व्यायामाबद्दल थोडक्यात. घरी राहणाऱ्या वृद्धांवरच्या 108 चाचण्यांचा कॉक्रेन आढावा 2019 मध्ये आला. व्यायामानं पडण्याचं प्रमाण साधारण 23 टक्क्यांनी घटतं, असं त्यात दिसलं. आपल्याच गावात पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्ण आणि शुभंकर, म्हणजे त्यांना सांभाळणारी माणसं, यांना एकत्र आणतं, हृषीकेश पवार पार्किन्सन्सच्या रुग्णांना नृत्य शिकवतात. ज्यांना पाऊल उचलणं अवघड, ती माणसं तालावर पाऊल टाकतात.

आता सांभाळणाऱ्यांबद्दल. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’मध्ये डॉ. मोहन आगाशे यांनी स्मृतिभ्रंश झालेल्या विद्वानाची भूमिका केली आहे. मुलीची नजर थोडा वेळ हटते आणि वडील निघून जातात. सांभाळणारा प्रत्येक जण याच भीतीत जगतो. वर्षानुवर्षं एक कान उघडा ठेवून झोपलेल्या लेकी, सुना, बायका मला माहीत आहेत. चादर सळसळली तरी त्या उठून बसतात. अशा बाईला बेड अलार्ममुळे सलग चार तास झोप मिळाली, तर तेवढ्यासाठीसुद्धा तो घ्यावा असं मी म्हणेन. पडणं किती घटलं एवढंच मोजणाऱ्या अभ्यासात ही झोप दिसणार नाही.

मात्र त्या झोपेसाठी म्हाताऱ्या माणसाला बांधू नका. ओढणीनं मनगट पलंगाला बांधलेलं मी पाहिलं आहे, आणि बांधणारी माणसं दुष्ट नव्हती, थकलेली होती. दोन्ही बाजूंचे कठडे लावून ठेवणंही सुरक्षित नाही. गोंधळलेलं माणूस कठड्यावरून चढतं आणि अधिक उंचीवरून पडतं, किंवा त्यात अडकतं. अलार्मसुद्धा बांधणंच ठरू शकतो. अमेरिकेत 2017 मध्ये लागू झालेल्या नर्सिंग होमच्या तपासणीच्या सूचनांत असे अलार्म बंधनासारखे ठरू शकतात, असा इशारा आहे. हललो की वाजतं म्हणून माणसं कूस बदलायलाही भिऊ लागतात. म्हणून आधी विचारायचं. ‘बाबा, तुम्ही उठलात की मला कळेल, चालेल ना?’ ते नको म्हणाले तर का नको ते ऐकून घ्यायचं.

या शहरात एक अवघड प्रसंग पुन्हा पुन्हा समोर येतो. घरात दोघंच, दोघंही ऐंशीच्या घरात, मुलं परदेशी. आजोबांच्या पलंगावर अलार्म, आणि तो ऐकून अंधारात धावणाऱ्या आजीचे गुडघे गेलेले. तिथे अलार्म एकाऐवजी दोघांना पाडेल. अशा घरात रात्रीचं माणूस लागतंच. ते परवडत नसेल तर निदान शेजाऱ्याकडे किल्ली आणि त्याच्याशी स्पष्ट बोलणं हवं. मोबाइलवर सूचना देणारं यंत्र असेल तर एक सोय आहे, तिचा विचार करा: पुण्यात रात्रीचे दोन वाजतात तेव्हा कॅलिफोर्नियात आदल्या दिवशीची दुपार असते. तिथला मुलगा जागा असतो, तो शेजाऱ्याला फोन करू शकतो. उचलायला मात्र इथलंच माणूस लागेल.

ते माणूस पुष्कळदा सेविका पुरवणाऱ्या ब्युरोकडून आलेली मावशी असते. बारा तासांची रात्रपाळी, दिवसा स्वतःचं घर किंवा दुसरं काम. तिनं टक्क जागं राहावं अशी अपेक्षा आपण ठेवतो, आणि तिला पाठ टेकायला जागा देत नाही. तिला कुणी शिकवतही नाही. माणसाला आधी कुशीवर वळवायचं, पाय खाली सोडायचे, मिनिटभर बसवायचं, मगच उभं करायचं. पडलंच तर बगलेत हात घालून ओढायचं नाही. एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसला तर हलवायचंच नाही, रुग्णवाहिका बोलवायची. हे एका दुपारी शिकवून होतं.

दुपारच्या सत्रात दोन ठरावांचे मसुदे चर्चेला येतील. पहिला असा की, साठीपुढच्या प्रत्येक रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर पडण्याच्या धोक्याची नोंद आणि रात्री काय करायचं ते मराठीत लिहिलेलं असावं. दुसरा असा की, ब्युरोमार्फत जाणाऱ्या प्रत्येक रात्रपाळीच्या सेविकेला आपल्या सभासदांनी माणसाला उठवण्या-उचलण्याचं हे प्रशिक्षण विनामूल्य द्यावं, आणि त्या दुपारचा मोबदला तिला मिळावा. काही मावशी आज सभागृहात मागच्या रांगांत बसल्या आहेत. दुसऱ्या ठरावावर आधी त्यांनी बोलावं, मग आपण, अशी अध्यक्ष म्हणून माझी सूचना आहे.