परसबागेतील रोपांची ओळख आणि देवघेव



मृगाच्या सरी पडून माती निवली की नांदुरा आणि परिसरातील घरोघरच्या अंगणांत व परसांत रोपांची देवघेव सुरू होते. एका घरी मिरचीची रोपे उरतात, दुसरीकडे शेवंतीला फुटवे येतात, तिसरीकडे कढीनिंबाखाली पिले उगवतात. कुंपणावरून हात पुढे होतो आणि रोपाचे घर बदलते. या व्यवहारात पैसा नसतो, पावती नसते; असते ते तोंडी सांगितलेले नाव. बहुतेक वेळा ते बरोबरच असते. जेथे ते चुकते तेथे मात्र कधी हंगाम वाया जातो, तर कधी प्रकृतीवर बेतते. म्हणून रोप देणाऱ्याने काय सांगावे आणि घेणाऱ्याने काय पाहावे, याचा येथे विचार करावयाचा आहे.

प्रथम नावांचा घोळ पाहणे इष्ट ठरेल. नांदुरा हे मुंबई–नागपूर लोहमार्गावरील गाव. एका बाजूस वऱ्हाड, तर पश्चिमेस थोड्याच अंतरावर खानदेश. नोकरी-व्यवसायानिमित्त पुण्या-मुंबईकडील कुटुंबेही येथे येतात. वऱ्हाडातील गृहिणी ‘सांबार’ म्हणते ती कोथिंबीर होय, हे नवागतास चार दिवसांत उमगते. परंतु ‘कोहळ्याचे बी’ मागितले असता वऱ्हाडात लाल भोपळ्याचे बी हाती पडते, तर पश्चिम महाराष्ट्रातील माणसाच्या मनात पेठा करण्याचा पांढरा कोहळा असतो. इकडे जी लवकी, तिलाच तिकडे दुधी म्हणतात. आणि जमिनीलगत पसरणाऱ्या, चीक असलेल्या एका तणाचेही नाव दुधीच आहे. स्वीडनच्या लिनीयस या शास्त्रज्ञाने १७५३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्रत्येक वनस्पतीला दोन शब्दांचे नाव दिले, ते अशाच गोंधळावरचा उपाय म्हणून रूढ झाले. परसबागेत लॅटिन भाषेचे प्रस्थ माजविण्याचे कारण नाही. तथापि बियांच्या पुडीवर घरातील नाव, दुसरे प्रचलित नाव आणि फळाचा रंग एवढे लिहिले तरी निम्मा घोटाळा टळतो.

कोवळे रोप ओळखणे हे मोठे झाड ओळखण्याहून कठीण. बी रुजताच प्रथम दिसतात ती बीजपत्रे, आणि ती पुढच्या पानांसारखी नसतात. मुळ्याची बीजपत्रे हृदयाकृती, वेलवर्गीय भाज्यांची जाड व लंबगोल, टोमॅटो आणि मिरचीची अरुंद व टोकदार. वांगे, मिरची आणि टोमॅटो यांची रोपे या अवस्थेत इतकी सारखी दिसतात की जाणत्यालाही फसगत टाळता येत नाही. निदान दोन-तीन खरी पाने आल्याशिवाय रोप कोणास देऊ नये, आणि दिलेच तर नाव खात्रीने सांगू नये. पपईच्या बाबतीत तर नर की मादी हे फूल येईपर्यंत कळतच नाही. म्हणून एका खड्ड्यात दोन-तीन रोपे लावून फुलोऱ्यानंतर अनावश्यक नर काढण्याची पद्धत आहे. ‘हे मादीच रोप आहे’ असे जो छातीठोकपणे सांगतो, त्याच्याकडून पपई न घेतलेली बरी.

आता जेथे चूक महागात पडते अशी काही उदाहरणे. वऱ्हाडात चिवळीची भाजी आवडीने खाल्ली जाते. चिवळ जमिनीलगत पसरते, आणि वर सांगितलेले दुधी तणही तसेच पसरते. फरक सोपा आहे. चिवळीचे पान मांसल व रसाळ असते आणि तिची काडी मोडल्यास पाण्यासारखा रस येतो. दुधीचे पान पातळ असते आणि काडी मोडताच पांढरा चीक येतो. पांढरा चीक दिसला की ती भाजी टोपलीत जाऊ नये.

कडुलिंब आणि बकाण यांची गफलतही अशीच. पाडव्याला कडुलिंबाचा कोवळा पाला व फुले खाण्याची रीत घरोघर आहे. बकाण मात्र विषारी असून त्याची फळे मुलांना व जनावरांना अपाय करतात. कडुलिंबाच्या पानात एकाच दांड्याच्या दोन्ही बाजूंस करवती कडांची वाकडी पर्णिका असतात. बकाणाच्या पानाचा दांडा पुन्हा दोन-तीनदा विभागलेला असतो. कडुलिंबाचे फूल पांढरे, बकाणाचे जांभळट. बकाणाची पिवळी गोल फळे पानगळीनंतरही घोसाने लोंबत राहतात.

लवकीच्या बियांबाबत विशेष दक्षता हवी. उकिरड्यावर आपोआप उगवलेल्या वेलाची किंवा संकर झालेल्या बियांची फळे कधीकधी कडू निघतात. हा कडूपणा ज्या द्रव्यामुळे येतो ते शिजवल्याने जात नाही. कडू दुधीचा रस प्याल्याने माणसे दगावल्याच्या घटना देशात नोंदल्या गेल्या आहेत. फळाचा लहानसा तुकडा जिभेला लावून थुंकावा. कडू लागल्यास फळ फेकावे, वेल उपटावा आणि त्याचे बी कोणास देऊ नये. येथे भिडेला जागा नाही.

गाजर गवताचे कोवळे रोप अनेकदा शेवंती समजून कुंडीत जपले जाते. १९५५च्या सुमारास पुण्यात आढळलेले हे तण आज राज्यभर पसरले असून त्याच्या स्पर्शाने त्वचेला खाज व पुरळ येते, परागांनी दम्याचा त्रास बळावतो. त्याची पहिली पाने जमिनीला चिकटून चक्राकार पसरतात, हे ध्यानात ठेवावे आणि ते फुलण्यापूर्वीच हातमोजा घालून उपटावे.

रोपाबरोबर माती जाते आणि मातीबरोबर बिनबोलावलेले पाहुणे. लव्हाळ्याच्या गाठी एका कुंडीतून दुसऱ्या अंगणात अशाच पोहोचतात. टोमॅटो वा वांग्याच्या मुळांवर गाठी दिसल्या तर ते सूत्रकृमींचे लक्षण. मिरचीची पाने आखडून वळलेली असली तर तो चुरडा-मुरडा, आणि भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या तर तो केवडा. असे रोप प्रेमाने दिले तरी ते देणे नव्हे. रोप उपटून मुळे पाहण्यास लागतो तो एक क्षण. पण बहुधा पाहिले जाते ते पान.

नांदुऱ्याच्या परसबागेची खरी अडचण पाण्याची आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला असून नांदुरा तालुक्यातील पूर्णाकाठची गावे त्यात येतात. विहिरीचे वा कूपनलिकेचे पाणी मचूळ असेल तर मोठे झाड तग धरते, पण कोवळे रोप कोलमडते. अशा ठिकाणी रोपे पहिल्या पावसाच्या ओलीवर वाढवावीत. छपरावरचे पाणी हौदात साठवून ते रोपांसाठी राखावे. सरी-वरंब्यावर लावताना बी माथ्यावर न टोकता बगलेवर टोकावे, कारण पाणी आटताना क्षार माथ्यावर गोळा होतात. पाणी रोज थोडे देण्यापेक्षा अंतराने भरपूर द्यावे, आणि कुंडीच्या तळाचे छिद्र मोकळे ठेवावे. पालक आणि बीट खारेपणा बराच सोसतात. श्रावणघेवडा, गाजर आणि कांदा फारसा सोसत नाहीत. अशा खारवट ठिकाणी नवख्याने प्रारंभी पालकच लावावा.

बियांविषयीही थोडे. निंबोळी आणि कढीनिंबाचे बी फार दिवस टिकत नाही; पिकलेला गर काढून ते ताजेच पेरावे. पुढच्या वर्षासाठी ते डब्यात जपून ठेवणे व्यर्थ. पपईच्या बियांवरील बुळबुळीत आवरण राखेत चोळून धुऊन टाकावे. कारल्याचे बी रात्रभर भिजवावे. वेलवर्गीय रोपांना मुळांची ओढाताण सहन होत नाही. ती पिशवीत किंवा द्रोणातच वाढवून मातीसकट द्यावीत.

एवढे करूनही झाड ओळखू न आल्यास तज्ज्ञांकडे जाण्याचा मार्ग मोकळा आहे. अकोल्यास १९६९ साली स्थापन झालेले डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ फार दूर नाही, आणि जळगाव जामोद येथे कृषी विज्ञान केंद्र आहे. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने बुलढाणा जिल्ह्याच्या वनस्पतींवर स्वतंत्र ग्रंथही प्रसिद्ध केला आहे. मात्र तेथे केवळ एक पान घेऊन जाऊ नये. फांदीचा वीतभर तुकडा पाने, फूल आणि शक्य तर फळासह घ्यावा, वर्तमानपत्राच्या घड्यांत ठेवून वजनाखाली दाबावा व सुकेपर्यंत कागद रोज बदलावेत. सोबतच्या चिठ्ठीवर तारीख, जागा, फुलाचा ताजा रंग आणि चीक होता की नाही हे लिहावे, कारण सुकलेल्या नमुन्यात या शेवटच्या दोन गोष्टी उरत नाहीत. चिठ्ठी पेन्सिलीने लिहावी. शाई ओलाव्याने फुटते.