गाडीवेड्यांसाठी घड्याळ घेताना

आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, हा काय बायकांचा विषय झाला? विषय आहे मनगटी घड्याळाचा, आणि तेही गाड्यांचं वेड असलेल्या माणसाच्या घड्याळाचा. पण घरात घड्याळ घेऊन देतं कोण? पोरगं कंपनीत लागलं, लेक बारावी पास झाली, राखीला भाऊ घरी आला, की डब्यातले नाहीतर बचत गटाचा हप्ता भरून उरलेले पैसे काढून दुकानात जाते ती आपल्यातलीच कुणीतरी. आणि फसवणूकही तिथेच होते. म्हणून आज यावर बोलायचं ठरवलं.

गाड्यांचं वेड आपल्याकडे उगाच आलेलं नाही. वाळूजची एमआयडीसी आपल्याच गंगापूर तालुक्यातली. १९८५ साली तिथे बजाजचा कारखाना सुरू झाला. पुढे २००१ साली शेंद्र्याला स्कोडा आली. ऑक्टोबर २०१० मध्ये आपल्या शहरातल्या मंडळींनी एका झटक्यात दीडशेच्या आसपास मर्सिडीज गाड्या घेतल्या आणि देशभर त्याची चर्चा झाली. तो सौदा पासष्ट कोटींच्या घरातला होता. आपल्या घरातली पोरं त्या सौद्यात नव्हती. ती वेल्डिंगला आहेत, रंगकामाला आहेत, सुट्या भागांच्या छोट्या कारखान्यात पाळीवर आहेत. हाताखालून रोज गाड्यांचे भाग जातात आणि घरी हप्त्यावरची मोटारसायकल असते. अशा पोराला आपण मोटार देऊ शकत नाही. पण मोटारीची आवड ज्यात दिसते असं घड्याळ दोन-चार हजारांत नक्की देऊ शकतो.

आता असं घड्याळ ओळखायचं कसं? त्याची तबकडी गाडीच्या मीटरसारखी असते. काळी पाटी, ठळक आकडे, लाल नाहीतर नारिंगी काटा. पट्ट्याला ओळीने भोकं असतात. शर्यतीत घामाने पट्टा चिकटू नये म्हणून ती पद्धत आली. मोठ्या तबकडीत दोन-तीन छोट्या तबकड्या असतात आणि कडेला किल्लीच्या वर-खाली दोन बटणं. हे झालं थांबघड्याळ, म्हणजे स्टॉपवॉच. आणि तबकडीभोवती किंवा काचेबाहेरच्या कड्यावर ६०, ८०, १००, १२० असे उलटे वाढत जाणारे आकडे छापलेले असतात. त्याला टॅकीमीटर म्हणतात. हे आकडे शोभेचे वाटतात, पण ते वेग मोजायचं साधन आहे.

हिशेब सोपा आहे. एका तासात ३,६०० सेकंद. एक किलोमीटर जायला जितके सेकंद लागले, त्याने ३,६०० ला भागा, की ताशी वेग मिळतो. साठ सेकंद लागले तर ताशी साठ. पंचेचाळीस लागले तर ऐंशी. छत्तीस लागले तर शंभर. घड्याळाने हा भागाकार आधीच करून कड्यावर लिहून ठेवलाय. एका किलोमीटरच्या दगडापाशी बटण दाबायचं, पुढच्या दगडापाशी परत दाबायचं. काटा जिथे थांबला तिथला आकडा म्हणजे वेग. समृद्धी महामार्गावर मोटारींना ताशी १२० ची मर्यादा आहे. म्हणजे तिथे एक किलोमीटर तीस सेकंदांच्या आत कापला, तर मर्यादा मोडली हे शेजारी बसल्या बसल्या कळतं.

शेजारी बसल्या बसल्या, हे मुद्दाम म्हटलं. गाडी चालवणाऱ्याने मनगटाकडे बघायचं नसतं, त्याची नजर रस्त्यावर हवी. वेग मोजायचा तो बाजूच्या सीटवरच्या माणसाने. आणि बाजूच्या सीटवर बहुतेक वेळा आपणच असतो. ‘जरा हळू चालव’ म्हटलं की ‘हळूच तर चाललोय’ हे उत्तर आपल्या ओळखीचं आहे. आकडा दाखवला की वाद होत नाही.

ही घड्याळं आली कुठून? १९५७ साली ओमेगा कंपनीने स्पीडमास्टर नावाचं घड्याळ काढलं आणि त्यात हे वेगाचे आकडे काचेबाहेरच्या कड्यावर आणले. पुढे १९६९ मध्ये तेच घड्याळ चंद्रावर गेलं, पण ते काढलं होतं मोटारशर्यतीसाठी. १९६३ साली हॉयर कंपनीने मेक्सिकोतल्या रस्त्यावरच्या एका शर्यतीवरून आपल्या घड्याळाला कॅरेरा नाव दिलं. आज या घड्याळांची किंमत लाखांत आहे. पण पुढे बॅटरीवरची क्वार्ट्झ घड्याळं आली. त्यांच्यातला स्फटिकाचा तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो आणि त्यावर वेळ चालते. चावी नको, महागडी यंत्रणा नको. त्यामुळे तेच रूप आणि तेच थांबघड्याळ सामान्य माणसाच्या आवाक्यात आलं.

आता पैशाचं बोलू. हजार-दीड हजारात मीटरसारखी तबकडी असलेलं साधं तीन काट्यांचं घड्याळ मिळतं. सोनाटा, फास्टट्रॅक, मॅक्सिमा, टाइमेक्स ही नावं गावोगावच्या दुकानांत दिसतात. याच भावात कॅसिओचं आकड्यांचं घड्याळ घेतलं तर त्यात थांबघड्याळ खरोखर चालतं. खरं काट्यांचं थांबघड्याळ हवं असेल तर चार-पाच हजारांच्या पुढे तयारी ठेवा. टायटनची ऑक्टेन मालिका आहे, तिचं नावच पेट्रोलच्या दर्जावरून. कॅसिओची एडिफिस आहे, ती फॉर्म्युला वन शर्यतीतल्या संघांशी जोडून विकली गेली. भाव दुकानागणिक आणि सणागणिक बदलतो, म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारूनच घ्या.

दुकानात गेल्यावर मात्र चार गोष्टी करून बघाच.

पहिली गोष्ट, छोट्या तबकड्या खऱ्या की छापलेल्या ते पाहा. वरचं बटण दाबा. थांबघड्याळाचा काटा पळायला हवा. परत दाबलं की थांबायला हवा, आणि खालचं बटण दाबलं की टुणकन बाराच्या आकड्यावर यायला हवा. बहुतेक खऱ्या काट्यांच्या थांबघड्याळांत मधला लांब काटा एरवी बारावर स्थिर असतो आणि चालू सेकंद छोट्या तबकडीत दिसतात. बटणं नुसती चिकटवलेली असतील, छोटे काटे हलतच नसतील, तर तो नुसता देखावा. देखावा आवडला तर जरूर घ्या, पण देखाव्याच्या किमतीत.

दुसरी, पाण्याचं. मागच्या झाकणावर ३० मीटर लिहिलं असेल तर ते घालून विहिरीत उडी मारायची नाही. त्याचा अर्थ हात धुताना चार शिंतोडे उडाले तर चालतील, इतकाच. पावसात दुचाकी चालवणाऱ्यासाठी ५० मीटरचं पाहा, पोहणाऱ्यासाठी १०० मीटरचं.

तिसरी, पट्टा. आपल्याकडचा उन्हाळा आणि कारखान्यातला घाम, यात चामड्याचा पट्टा लवकर कुजतो आणि वास मारतो. स्टीलची साखळी नाहीतर रबरी पट्टा टिकतो. आणि मशीनवर काम करणाऱ्याला एक सांगून ठेवा, फिरत्या यंत्रापाशी घड्याळ, कडं, अंगठी काहीच नको. घड्याळ पाळी सुटल्यावर घालायचं.

चौथी, पक्की पावती आणि शिक्का मारलेलं गॅरंटी कार्ड. पावती नसली की तक्रारीला पाय उरत नाहीत. पावती असेल आणि दुकानदार दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

आता ‘फर्स्ट कॉपी’बद्दल. बाजारात चादरीवर मोठमोठ्या मोटार कंपन्यांची चिन्हं छापलेली घड्याळं सातशे-आठशेला मिळतात. पोरांना त्या चिन्हाची भुरळ पडते. पण कॉपी हा नकलीचाच लाडका शब्द आहे. त्या पैशाला गॅरंटी नाही, दुरुस्ती नाही, आणि सोनेरी मुलामा दोन महिन्यांत मनगटावर काळा उतरतो. शिवाय जो मुलगा स्वतः खऱ्या गाडीचे भाग मापात बसवतो, एका मिलिमीटरच्या चुकीला माल परत येतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्या हातात नकली माल आपण का द्यावा? त्यापेक्षा साधं, कमी झगमगीत, पण स्वतःच्या नावाने विकलं जाणारं घड्याळ द्यावं.

आणि मैत्रिणींनो, मुलींना विसरू नका. मुलगी म्हटली की दुकानदार लगेच बांगडीएवढं नाजूक घड्याळ पुढे करतो. पण गाड्यांची आवड मुलींनाही असते, आणि थांबघड्याळाचं काम तर त्यांना जास्त पडतं. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलीला आठशे मीटर धावायचं असतं. रोजच्या धावण्यात आपले किती सेकंद कमी झाले हे तिला स्वतःच्या मनगटावर दिसलं पाहिजे. नर्सिंग शिकणारी मुलगी पंधरा सेकंद नाडी मोजते आणि चारने गुणते. तिला सेकंदाचा ठळक काटा हवा. मनगट बारीक असेल तर साखळीच्या दोन कड्या काढून मिळतात.

घड्याळाची एक जुनी गोष्टही आठवून देऊ. १९६१ साली बेंगळुरूला जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने एचएमटीचा घड्याळ कारखाना सुरू झाला. त्याच वर्षी देशात हुंडाबंदीचा कायदाही झाला. पण पुढची कित्येक वर्षं आपल्या भागात लग्नाच्या बैठकीत घड्याळ, सायकल आणि रेडिओ मागितला जायचाच. किती बापांनी जवायाच्या मनगटासाठी उसनवारी केली असेल! आज मागणी घड्याळावरून मोटारसायकलवर आणि मोटारीवर गेली आहे. म्हणून आम्हाला वाटतं, घड्याळ द्यावं ते आपल्या खुशीने, आपल्या ऐपतीत, लेकीला आणि लेकाला सारखंच. कुणी बैठकीत बसून मागितलं, तर तेच घड्याळ हुंडा होतं आणि त्याला नाही म्हणायचं असतं.

तेव्हा बटणं दाबून बघा, पावती मागा, आणि घरी आल्यावर त्या पोराला नाहीतर पोरीला बाजूला बसवून टॅकीमीटरचा हिशेब नक्की शिकवा. गाडीच्या वेडाला वेगाचा हिशेब जोडीला असला, की आपल्याला रात्री दाराकडे डोळे लावून बसावं लागत नाही.

पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटू.