कंबरेची हयगय करू नका
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



गेल्या वर्षी याच कार्यक्रमात मला खुर्चीवरून उठायला दोघींनी हात दिला होता, हे तुम्ही पाहिलेच आहे. तेव्हापासून जी ती विचारते, "तुम्हाला काय झाले होते?" चिटणीसबाई म्हणाल्या, "एकेकीला सांगण्यापेक्षा एकदाच सगळ्यांना सांगा." म्हणून उभी राहिले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे आणि भाषणाची सवय नाही. काही चुकले तर सांभाळून घ्या.

माझे माहेर जुन्नरच्या पश्चिमेला, आपटाळ्याच्या बाजूला. तिकडे भातलावणीत दिवसभर चिखलात वाकून राहायचे. सासर इकडे मंचरजवळ. इथे कांद्याची लागवड, बटाट्याची काढणी, टोमॅटोची तोडणी. पीक बदलले, वाकणे तेच राहिले. शेतात न जाणाऱ्या बायांना तरी कुठे सुटका आहे? पाण्याचे हंडे, गॅसची टाकी, शिलाईचे यंत्र आणि खड्ड्यांतून जाणारी दुचाकी, या सगळ्यांचा भार कंबरेवरच येतो.

तीन वर्षांपूर्वी बटाट्याचे पोते उचलताना मला चमक भरली. श्वास घेता येईना. सासूबाईंनी रीतीप्रमाणे गल्लीतल्या एका पायाळू माणसाला बोलावले. त्याने माझ्या पाठीला तीनदा हलकेच पाय लावला. चार दिवसांत मी कामाला लागले आणि सगळे श्रेय त्या पायाला गेले. पुढे डॉक्टरीणबाईंनी मला सांगितले की साधी चमक बहुतेक वेळा काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपोआपच कमी होते. म्हणजे पाय लावला नसता तरी मी बरी झालेच असते. त्या भल्या माणसाला मी दोष देत नाही. पण त्यामुळे माझी समजूत झाली की पाठीचे दुखणे म्हणजे कोणी तरी हात-पाय लावून बसवायची गोष्ट.

गेल्या वर्षी लागवडीत दुखणे पुन्हा उठले. या खेपेला कळ कंबरेतून डाव्या पायात उतरली आणि बोटांना मुंग्या येऊ लागल्या. तेव्हा मोबाईलवर मणके 'कडकड' वाजवून बसवण्याची चित्रे पाहून मी एका मणका बसवणाऱ्याकडे गेले. त्याने तपासले नाही, काही विचारले नाही. मान पिळली, कंबर पिळली, आवाज आला. मलाही हलके वाटले. तिसऱ्या दिवशी अंगणात चालताना डाव्या पायातली चप्पल गळून पडली. पुन्हा घातली, पुन्हा गळाली. पाऊल वर उचलतच नव्हते.

बायांनो, आता खरी चूक सांगते, आणि ती माझी आहे. मी चार दिवस कोणाला बोलले नाही. शेतात माणसे लागलेली, त्यांची भाकरी कोण करणार? त्याच आठवड्यात आमचा बैल जरा लंगडला, तर संध्याकाळच्या आत जनावरांचे डॉक्टर दारात हजर! मीच त्यांना चहा दिला, लंगडत. बैलाचे पाऊल सगळ्यांना दिसले. माझे मी दिसू दिले नाही.

शेवटी थोरल्या मुलीने पाहिले आणि मला दवाखान्यात नेले. पुण्याला मोठ्या यंत्रात पाठीची तपासणी झाली. आपल्या कण्यात मानेचे 7, पाठीचे 12 आणि कंबरेचे 5 मणके असतात आणि त्यांच्या खाली माकडहाडाकडे जुळलेली हाडे. मणक्यामणक्यांत मऊ गादी असते. माझी कंबरेतली गादी सरकून पायाच्या शिरेवर दाबत होती. मी विचारले, "त्या झटक्याने झाले का?" डॉक्टर म्हणाले, "गादी आधीपासून सरकलेली असणार. झटक्याने भर पडली की नाही, हे ठामपणे सांगता येणार नाही. पण पायात मुंग्या असताना तपासणीवाचून कंबर कोणाच्या हाती द्यायची नव्हती."

शस्त्रक्रिया टळली. फिजिओथेरपीच्या बाईंकडून सहा महिने व्यायाम शिकले. पाऊल आता उचलते, पण ओल्या फरशीवर डावी चप्पल अजून सुटते.

मग मुलीने मला या विद्येची माहिती वाचून दाखवली. हिला कायरोप्रॅक्टिक म्हणतात. अमेरिकेत आयोवा प्रांतातल्या डेव्हनपोर्ट गावी पामर नावाच्या गृहस्थांनी 1895 साली ती सुरू केली. कमी ऐकू येणाऱ्या एका झाडूवाल्याचा मणका दाबून त्याला ऐकू येऊ लागले, असे ते सांगत. परदेशात त्याचे कित्येक वर्षांचे रीतसर शिक्षण असते. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली तीन महिन्यांहून जुन्या कंबरदुखीसाठी जे उपाय सुचवले, त्यांत व्यायाम, मालिश आणि जाणत्या हातांनी मणक्यांवर केलेले उपचार, तिन्ही आहेत. नेहमीचा उपाय म्हणून कमरेचे पट्टे आणि वजन लावून ताणणे मात्र नको म्हटले आहे. तेव्हा ती विद्या खोटी असे मी म्हणत नाही. शिकलेला हात आणि न शिकलेला हात यांत फरक आहे, एवढेच म्हणते.

आणि तो 'कडकड' आवाज? लेकराची अलाबला घेऊन आपण कानशिलावर बोटे मोडतो, त्याच जातीचा. सांध्यातल्या पाण्यात हवेची पोकळी होऊन तो येतो. हाड जागेवर बसले असा त्याचा अर्थ नाही. मानेला जोराचा झटका दिल्यास क्वचित मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघातही होतो. पाळी गेलेल्या बायांची हाडे ठिसूळ झालेली असू शकतात. त्यांनी तर विशेष जपावे.

पुढच्या गोष्टी मात्र पदराला गाठ मारून ठेवा. पाऊल उचलेनासे झाले, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, तर एक दिवसही थांबू नका, त्याच वेळी दवाखाना गाठा. पडल्यावर पाठ दुखू लागली, दुखण्याबरोबर ताप आहे, वजन घटते आहे, रात्री झोपूनही कळ थांबत नाही, तरीही डॉक्टरांना दाखवा. मणक्याचा क्षयसुद्धा असू शकतो, आणि त्यावर औषध आहे.

साधी कंबर दुखत असेल तर महिनाभर अंथरूण धरू नका. झेपेल तेवढे हिंडाफिरावे. ओझे उचलताना गुडघे वाकवा, ओझे अंगाशी धरा आणि उचलता उचलता कंबरेत पिळू नका. एका मोठ्या पाटीऐवजी दोन लहान खेपा करा. लागवडीत अर्ध्या तासाने उभे राहून पाठ मागे ताणा. मुकादम काही बोलला तर सगळ्याजणी एकदम उभ्या राहा!

पुढच्या महिन्यात मंडळाची सहल लेण्याद्रीला जायची आहे. तिथे तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. मी येणार आहे. सावकाश चढेन, डाव्या पायाला पट्ट्याची चप्पल घालून. तोवर तुम्ही एक करा. आज घरी गेल्यावर आपल्या सासूला, जावेला, आईला विचारा, "तुमचे काही दुखते का?" पहिल्यांदा त्या "काही नाही" म्हणतील. दुसऱ्यांदा विचारा.