वृद्धांची नित्यसेवा
(ज्युबिली समारंभप्रसंगी शिरूर व दौंड येथील ख्रिस्तजनांपुढे केलेले भाषण)



ज्युबिलीच्या या मंगल दिनी परमेश्वराचे उपकार आठवून त्याचे स्तवन करणे हे आपले पहिले कर्तव्य होय, व ते आपण वेदीपुढे आत्ताच पार पाडिले आहे. परंतु लेवीय ग्रंथ पाहिला असता ज्युबिली हे निव्वळ उत्सवाचे वर्ष नव्हे, तर ज्याचे त्यास परत करण्याचे वर्ष आहे, असे दिसून येते. तेव्हा आपणांकडे कोणाचे काय येणे आहे, याचा विचार आज केलाच पाहिजे. ज्या हातांनी आपणांस प्रथम क्रुसाची खूण करावयास शिकविले, ते हात आज थरथर कापत आहेत. त्यांना पाण्याचा पेलाही धरवत नाही. त्यांचे येणे सर्वांत मोठे आहे, आणि ते फुलांच्या हारांनी फिटणारे नाही.

दौंड हे आगगाडीचे गाव. 1878 साली मनमाडचा फाटा सुरू झाल्यावर ते जंक्शन झाले, आणि रेल्वेच्या नोकरीनिमित्त कित्येक ख्रिस्ती कुटुंबे येथे स्थायिक झाली. घोडनदीकाठच्या शिरुरास आपली मंडळी शेती, शिक्षकी व मोलमजुरी करून राहिली. आता मुले रांजणगाव व कुरकुंभ येथील कारखान्यांत पाळ्या करतात, कोणी पुण्यास तर कोणी आखातात आहेत. घरातील म्हातारे माणूस दिवसभर एकटे, किंवा पगारी मावशीच्या हाती, किंवा वृद्धाश्रमात असते. वृद्धाश्रमात ठेवणे हे सरसकट पाप आहे, असे आम्ही म्हणणार नाही. टाकून देणे हे मात्र पाप आहे, आणि 2007 च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहविषयक कायद्याप्रमाणे तो गुन्हाही आहे. परंतु ज्यांना टाकिले नाही, त्यांची सेवा तरी नीट होते काय?

आपल्या दौंड तालुक्यातच केडगावास याचा एक थोर दाखला आहे. पंडिता रमाबाईंनी 1889 साली मुंबईस शारदा सदन काढिले, आणि पुढे 1896–97 च्या दुष्काळातील अनाथ स्त्रिया व मुले यांना केडगावी आसरा दिला. तेथील मुक्ती मिशनात आंधळ्यांसाठी एक सदन, तसे वृद्ध व पंगू स्त्रियांसाठी प्रीती सदन निर्माण झाले. रमाबाई कॅथोलिक नव्हत्या. परंतु ख्रिस्ताची प्रीती पंथ पाहून वाहत नाही. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, त्यांची कन्या मनोरमाबाई यांनी आंधळ्यांची नुसती कीव केली नाही. त्या स्वतः ब्रेल लिपी शिकल्या, आणि मग त्यांनी ती आंधळ्यांना शिकविली. प्रेमाने आधी विद्या संपादन केली.

आपल्या पवित्र ख्रिस्तसभेतही असेच एक उदाहरण आहे. 1839 सालच्या हिवाळ्यात फ्रान्सातील सेंट-सेर्व्हां गावी जान ज्युगान या गरीब मोलकरणीने एका आंधळ्या व अर्धांगाने पिडलेल्या म्हातारीस आपल्या बिऱ्हाडी आणिले, आपली खाट तिला दिली, व आपण माळ्यावर निजू लागली. तेथूनच गरिबांच्या लहान भगिनींचा संघ उदयास आला. 1882 साली त्या कलकत्त्यास आल्या. 2009 मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी जान ज्युगान यांस संतपद दिले. त्यांच्या संतपणाचा आरंभ चमत्काराने नव्हे, एका म्हातारीस उचलून अंथरुणावर नीट ठेवण्याने झाला.

म्हणून आम्ही आज उचलण्याविषयी, निजविण्याविषयी व भरविण्याविषयीच बोलणार आहो. व्यासपीठावर हा विषय हलका वाटेल. पण चांगले मन असूनही रीत ठाऊक नसल्याने वृद्धांस इजा होते.

पहिली गोष्ट निजण्याची. ज्यास स्वतः कूस बदलता येत नाही, त्याची कूस साधारणतः दर दोन तासांनी बदलावी. एकाच जागी भार राहिल्याने तेथील रक्त अडते, कातडी मरते, आणि माकडहाड, कंबर व टाचा येथे जखमा पडतात. आपल्या सावळ्या कातडीवर लाली सहसा दिसत नाही. म्हणून जागा अधिक काळवंडली, ऊन लागली किंवा टणक झाली काय, हे हात लावून पाहावे. पूर्वी अशा जागी स्पिरिट व पावडर चोळीत असत. आता ते करू नये. चोळल्याने आतील मांस अधिकच दुखावते. चादरीला सुरकुती नसावी, ओले कापड क्षणभरही अंगाखाली राहू नये, आणि सरकविताना फरफटू नये.

दुसरी गोष्ट उठण्याची. निजलेल्यास एकदम उभे केल्याने घेरी येते. आधी खाटेच्या कडेस थोडा वेळ बसवावे. बगलेत हात घालून ओढू नये; त्याने खांदा निखळतो. चाकाच्या खुर्चीचे ब्रेक लावल्यावाचून तीत बसवू नये. जड माणसास दोघांनी मिळून उचलावे, गुडघे वाकवावे, पाठ नव्हे. सेविकेची पाठ मोडली तर वृद्धाची सेवा कोण करील? मोरीची ओली शहाबादी फरशी, पायांत घोळणारी गोधडी व रात्रीचा अंधार, ही म्हातारपणाची तीन वैरिणी होत. कित्येकांचे खुब्याचे हाड यांनीच मोडते, व पुन्हा उठणे होत नाही.

तिसरी गोष्ट अन्नाची. निजवून भरवू नये. ताठ बसवावे, हनुवटी किंचित खाली असावी, घास लहान असावा, आणि आधीचा गिळला हे पाहूनच पुढचा द्यावा. जेवणानंतर अर्धा तास तरी बसते ठेवावे. घाईने भरविलेली पेज श्वासनलिकेत गेली म्हणजे न्यूमोनिया होतो, आणि पोट भरण्यासाठी दिलेला घास प्राण घेतो. उन्हाळ्यात म्हाताऱ्यांस तहान कळत नाही. डॉक्टरांची मनाई नसेल तर न मागताही पाणी थोडे थोडे द्यावे.

चौथी गोष्ट स्वच्छतेची व लज्जेची. प्रत्येक वृद्धास हात लावण्यापूर्वी व नंतर साबणाने हात धुवावे. अंगावर घालण्याचे पाणी आधी आपल्या कोपरावर पाहावे. मधुमेह्याच्या पायांस चटका कळत नाही. पडदा ओढल्याशिवाय वस्त्र काढू नये, एक भाग धुताना दुसरा झाकावा, आणि काय करणार हे आधी सांगावे. आजोबा, आजी, किंवा त्यांच्या नावापुढे राव, बाई लावून हाक मारावी. लहान मुलासारखे दटावू नये. पडतील या भीतीने खाटेस बांधू नये. औषध डॉक्टरने लिहिले तेच द्यावे, आपल्या मनाने नव्हे. काल शहाणपणाने बोलणारे माणूस आज एकाएकी बरळू लागले, तर "वयच झाले" असे म्हणून सोडू नये. ते बहुधा अंगात रोग शिरल्याचे चिन्ह असते. ते तत्काळ कळवावे.

आता घरधन्यांस व वृद्धाश्रमाच्या चालकांस दोन शब्द. हे सर्व जी करते, तीस आपण काय देतो? बारा तासांची पाळी, अपुरी झोप व तुटपुंजे वेतन! जिच्यावर एकटीवर फार वृद्धांचा भार आहे, तिच्याने दर दोन तासांनी कोणाची कूस बदलणार? मग जखम पडली की दोष मावशीचा. मजुराचे वेतन अडवून ठेवणे हे स्वर्गापर्यंत ओरडणारे पाप आहे, ही शिकवण आपण धर्मवर्गात पाठ केली आहे. ती सेविकेच्या पगारालाही लागू आहे. तिला शिक्षण, सुट्टी व मान द्या. तिला आपल्या घरात बसावयास खुर्ची द्या.

पुनरुत्थित प्रभूने पेत्रास सांगितले होते की, तू म्हातारा होशील तेव्हा हात पुढे करशील, आणि दुसराच तुझी कंबर बांधील. त्या वचनात पेत्राच्या हौतात्म्याची सूचना होती. परंतु त्यात आपणा सर्वांच्या अखेरच्या दिवसांचेही चित्र आहे. एके दिवशी आपणही हात पुढे करू. त्या वेळी कंबर बांधणारा हात कसा असेल, हे आज आपण आपल्या मुलांस काय दाखवितो यावर अवलंबून आहे. आणि त्याच प्रभूने शेवटच्या भोजनाच्या रात्री स्वतः कमरेस रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. म्हणजे सेविकेचे काम त्याने हलके मानिले नाही.

म्हणून ज्युबिलीचे स्मारक म्हणून आम्ही एवढेच मागतो की, दोन्ही गावांतील प्रत्येक कुटुंबातून एका तरी स्त्रीने व एका तरी पुरुषाने ही रीत एखाद्या जाणत्या परिचारिकेकडून हाताने शिकून घ्यावी. आणि ज्या घरी कोणी अंथरुणास खिळले आहे, तेथे शेजाऱ्यांनी आठवड्यातून एक दुपार जाऊन बसावे, म्हणजे सेवा करणारीस विसावा मिळेल. संगमरवरी पाटी यापेक्षा अधिक काळ टिकेल, पण अधिक उपयोगी पडणार नाही.

प्रभू आपल्या वृद्धांस शांती देवो, व त्यांची सेवा करणाऱ्या हातांस बळ देवो. आमेन.