न हटणारी फाईल



न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. तेव्हापासून अशा व्यासपीठांवरून धर्म, इतिहास, शेती, अर्थकारण अशा थोर विषयांची चर्चा होत आली आहे. त्या मानाने आमचा आजचा विषय किरकोळ वाटण्याचा संभव आहे. संगणकातील एखादी फाईल किंवा फोल्डर काही केल्या डिलीट होत नाही, तर ते कमांडच्या साहाय्याने कसे काढावे, एवढाच तो विषय. परंतु आज शेताच्या सातबाऱ्यापासून लेकीच्या लग्नातील फोटोंपर्यंत आपला बहुतेक संसार ह्या फायलींत साठलेला आहे. तेव्हा त्यांतले काय काढावे, कसे काढावे आणि कशास हात लावू नये, हा प्रश्न आता घराघरांतला झाला आहे.

प्रथम, कमांड म्हणजे काय ते सांगतो. आपण नेहमी संगणक वापरतो तो चित्रांच्या साहाय्याने. फाईलच्या चित्रावर बोट ठेवावे, डिलीट म्हणावे, ती कचरापेटीत जाते, आणि मागाहून पश्चात्ताप झाला तर तेथून परत काढता येते. ह्या चित्रांच्या मागे एक जुनी, साधी, काळी खिडकी आहे. तिला कमांड प्रॉम्प्ट म्हणतात. तेथे चित्र नाही, फक्त लेखी हुकूम. 'डेल' लिहिले की फाईल जाते, 'आर-डी' लिहिले की फोल्डर जाते, आणि लिनक्सच्या संगणकावर हेच काम 'आर-एम' करते. मात्र येथून गेलेली वस्तू कचरापेटीत जात नाही. हा पहिला मुद्दा आपण पदराला गाठ मारून ठेवावा.

आता फाईल हटत नाही म्हणजे काय होते? सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तशी ही फाईल दहादा डिलीट म्हटले तरी जागची हलत नाही. माणूस चिडतो, आणि कोणीतरी सांगितलेला जालीम हुकूम त्या काळ्या खिडकीत लिहून मोकळा होतो. आमचे म्हणणे असे की, हट्ट फाईलचा नसतोच. तिला कोणीतरी धरून ठेवलेले असते, किंवा तिच्या नावात अथवा मालकीत काही अडचण असते. कारण ओळखले तर बहुधा बळाची गरजच उरत नाही.

कारणे मोजकीच आहेत. पहिले आणि सर्वांत जास्त आढळणारे म्हणजे ती फाईल दुसऱ्या कोणी उघडलेली असणे. मोंढ्यातील अडत दुकानाचे उदाहरण घ्या. दोन संगणक तारेने जोडलेले असतात. एकावर मालक गेल्या सालचे हिशेबाचे फोल्डर काढू पाहतात, आणि पलीकडच्या खोलीत मुनीमजी तेच उघडून बसलेले असतात. विंडोज नकार देते, आणि तो नकार योग्यच असतो. ज्या संगणकावर ते फोल्डर ठेवलेले आहे, तेथे 'नेट फाईल' असा हुकूम दिला की कोणी काय उघडले आहे त्याची यादी मिळते. त्याच एका संगणकावरचा प्रोग्राम अडवत असेल तर 'टास्कलिस्ट' चालू असलेल्या प्रोग्रामांची यादी देते आणि 'टास्ककिल' अडवणाऱ्यास बंद पाडते. परंतु अशा रीतीने बंद पाडलेल्या प्रोग्रामातील न साठवलेले काम बुडते. त्यापेक्षा मुनीमजींना हाक मारणे बरे! कित्येक वेळा धरणारे आपणच असतो. काळ्या खिडकीत आपण ज्या फोल्डरात उभे आहोत तेच काढू म्हणतो. बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालत नाही. एक पायरी वर यावे आणि मग काढावे.

दुसरे कारण मालकीचे. जुन्या संगणकाची हार्ड डिस्क नव्या संगणकास जोडली की पुष्कळ फोल्डर 'परवानगी नाही' असे सांगतात. ते जुन्या संगणकावरील वापरकर्त्याच्या नावे असतात. जमिनीच्या व्यवहारात आधी फेरफार आणि मग ताबा, तशीच येथे रीत आहे. कमांड प्रॉम्प्ट प्रशासकाच्या अधिकाराने उघडावे, 'टेकओन' ह्या हुकुमाने मालकी आपल्याकडे घ्यावी, 'आय-कॅक्ल्स' ह्या हुकुमाने पूर्ण अधिकार द्यावा, आणि मग काढावे. परंतु हाच प्रयोग विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरावर केला तर संगणक दुसऱ्या दिवशी उठणार नाही. तेथील कुलूप चोरासाठी नसून घरच्या मुलांसाठी असते.

तिसरे कारण फाईलवर लावलेल्या खुणांचे. केवळ वाचनासाठी, लपविलेली, यंत्रणेची, अशा तीन खुणा असतात. त्या 'अ‍ॅट्रिब' ह्या हुकुमाने काढता येतात. आपल्याकडे पेन ड्राइव्ह झेरॉक्सच्या दुकानातून कॉलेजात आणि तेथून घरी असा फिरतो, आणि त्याला शॉर्टकटचा व्हायरस लागतो, तो ह्याच खुणांचा खेळ करतो. खरे फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचे खोटे शॉर्टकट पुढे ठेवतो. लोक समजतात सर्व गेले, आणि पेन ड्राइव्ह फॉरमॅट करून टाकतात. म्हणजे गेले नव्हते ते त्या क्षणी जाते. खरा उपाय असा: आधी अँटिव्हायरसने तपासावे, मग 'अ‍ॅट्रिब' लिहून त्यापुढे उणे-एच, उणे-आर, उणे-एस, आणि शेवटी /एस व /डी हे पर्याय देऊन पेन ड्राइव्हचे अक्षर लिहावे. लपलेले सर्व समोर येते. तेवढे शॉर्टकट मग काढून टाकावेत.

चौथे कारण नावाचे, आणि ते आपणा मराठी मंडळींना विशेष लागू आहे. आपणांस संक्षेपाची सवय. फोल्डराचे नाव आपण 'जि. प.' असे ठेवतो, शेवटी पूर्णविरामासह. विंडोज शेवटचा पूर्णविराम मुकाट्याने गाळते. परंतु तेच फोल्डर लिनक्सवरून वा अन्य मार्गाने डिस्कवर आले, तर पूर्णविराम शाबूत राहतो, आणि विंडोजला ते दिसते पण सापडत नाही! अशा वेळी हुकुमात पूर्ण पत्ता लिहून त्याच्या आधी दोन उलट्या तिरप्या रेघा, प्रश्नचिन्ह आणि पुन्हा एक उलटी तिरपी रेघ द्यावी. ह्याचा अर्थ, नाव जसेच्या तसे घे, त्यात सुधारणा करू नकोस.

'कॉन' नावाचे फोल्डर होत नाही, ही कॉलेजातील मुलांची आवडती गूढकथाही ह्याच प्रकारची. त्यात गूढ काही नाही. १९८१ सालच्या डॉसमध्ये 'कॉन' हे कीबोर्ड व पडद्याचे आणि 'पी-आर-एन' हे प्रिंटरचे राखीव नाव होते. तो वारसा विंडोजने पुढे चालवला. असे फोल्डर कोणी तयार केलेच, तर ते काढण्यासही वरचीच युक्ती चालते.

नावाच्या लांबीचीही अडचण असते. विंडोजची नेहमीची खिडकी साधारणतः २६० खुणांपलीकडचा पत्ता नीट हाताळत नाही. 'ग्रामपंचायत' हा शब्द आपण सहा अक्षरांत लिहितो, संगणक मात्र काना, अनुस्वार, जोडाक्षरातील हलन्त अशी प्रत्येक खूण वेगळी मोजून त्याच्या अकरा खुणा करतो. मग 'परभणी जिल्हा' ह्यात 'जिंतूर तालुका', त्यात 'ग्रामपंचायत', त्यात वर्ष, त्यात योजना, अशी फोल्डरांची उतरंड रचली की मर्यादा केव्हाच संपते. येथे 'रोबोकॉपी' कामास येते. एक रिकामे फोल्डर करावे, आणि /मिर हा पर्याय देऊन हट्टी फोल्डरास त्या रिकाम्याचे प्रतिबिंब बनवावे. रिकाम्याचे प्रतिबिंब रिकामेच असणार! आतले सर्व जाते, मग टरफल 'आर-डी'ने काढावे. हुकुमात रिकामे फोल्डर आधी आणि काढायचे ते नंतर लिहितात. ते दुसरे नाव चुकले, तर भलतेच फोल्डर साफ होईल.

पाचवे कारण डिस्कच्या आजाराचे. डिस्कची अनुक्रमणिकाच बिघडली असेल तर 'चेकडिस्क' हा हुकूम ती दुरुस्त करतो. परंतु आजारी डिस्कवर शस्त्रक्रिया करण्याआधी तिच्यातील कामाचा माल दुसरीकडे उतरवून घ्यावा. आणि पेन ड्राइव्ह झिजून कायमचा 'केवळ वाचनासाठी' झाला असेल, तर कोणताही हुकूम चालणार नाही, तो बदलावा.

आता बळाच्या बाजूकडे वळू. 'आर-डी'ला /एस दिले की ते आतील सर्व फोल्डरांसह काढते, आणि /क्यू दिले की काही विचारीत नाही. लिनक्समध्ये 'आर-एम'ला आर व एफ ही अक्षरे दिली की तोच प्रकार. हे हुकूम इमानी आहेत, पण त्यांना विवेक नाही. 'जुने फोटो' हे फोल्डर काढायचे आहे, आणि नावाभोवती अवतरणचिन्हे घातली नाहीत, तर संगणक 'जुने' हे एक आणि 'फोटो' हे दुसरे, अशी दोन नावे समजतो. शेजारी 'फोटो' नावाचे खरे फोल्डर असले, तर तेच जाते, आणि 'जुने फोटो' जागच्या जागी राहते!

हा केवळ कल्पनेचा खेळ नव्हे. २०११ साली बंबलबी नावाच्या लिनक्सवरील एका प्रोग्रामात 'आर-एम'च्या ओळीत एक मोकळी जागा अधिक पडली, आणि ज्यांनी तो बसवला त्यांच्यापैकी कित्येकांच्या संगणकांतील एक अख्खे महत्त्वाचे फोल्डर पुसले गेले. १९९८ साली अमेरिकेतील पिक्सार कंपनीत 'टॉय स्टोरी २' ह्या चित्रपटाचे काम चालू असताना कोणीतरी हाच हुकूम भलत्या ठिकाणी दिला. पडद्यावर पाहता पाहता पात्रे नाहीशी होऊ लागली. राखीव प्रत काढू म्हटले, तर तीही बिघडलेली निघाली. शेवटी चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन ह्या बाईंमुळे. घरी तान्हे मूल असल्याने त्या घरूनच काम करीत आणि त्यांच्या संगणकावर एक प्रत होती. राखीव प्रत आहे असे समजणे वेगळे, आणि ती उघडून पाहिलेली असणे वेगळे, हा त्यातला धडा.

ह्याच्या उलट बाजूही ध्यानात घ्यावी. डिलीट केले म्हणजे नष्ट झाले असे नव्हे. संगणक बहुधा अनुक्रमणिकेतील नाव खोडतो. मजकूर, त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत, डिस्कवर पडून असतो. म्हणून चुकून काही गेलेच, तर त्या डिस्कवर नवे काही लिहू नये. परत मिळण्याची आशा तेवढ्यावरच असते. आणि म्हणूनच जुना संगणक विकताना नुसते डिलीट करणे पुरेसे नाही. त्यात आपल्या आधारकार्डाच्या, बँकेच्या कागदांच्या प्रती असतात. फिरत्या चकतीच्या हार्ड डिस्कवरील मोकळ्या जागेवर 'सायफर' हा हुकूम /डब्ल्यू सह पुन्हा लिहून ती पुसतो. नव्या एसएसडी डिस्कवर मात्र ह्यावर विसंबू नये. तेथे ती बनविणाऱ्या कंपनीनेच दिलेली पुसण्याची सोय वापरावी.

शेवटचा मुद्दा आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा. परभणीसारख्या जिल्ह्यास जुन्या कागदाची किंमत सांगावयास नको. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, आणि त्या काळचे उर्दू व मोडी कागद बस्त्यांत बांधून पडलेले होते. त्यांना रद्दी समजणारेही थोडे नव्हते. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचे काम सुरू झाले, आणि मराठवाडाभर निजामकालीन दप्तरे सोडून कुणबी नोंदींचा शोध घेण्यात आला. हजारो कुटुंबांचे लक्ष त्या एकेका ओळीकडे लागले. त्या प्रश्नावरील मतमतांतरात आम्ही शिरत नाही. आम्हांस एवढेच दाखवावयाचे आहे की, ज्या कागदास पन्नास वर्षे कोणी विचारले नाही, तो एके दिवशी घराच्या दारी येऊन उभा राहतो.

सरकारी दप्तरात ह्यासाठी शिस्त आहे. कागदांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी असते; अ वर्गातील कागद कायम जपावयाचे आणि बाकीचे ठरावीक मुदतीनंतर, रीतसर आदेशाने काढावयाचे. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ हा कायदाही ह्यासाठीच आहे. तेव्हा कार्यालयातील संगणकावर जागा कमी पडते म्हणून कोणी 'आर-डी' लिहावयास बसला, तर तो केर काढत नसून दप्तर जाळत असण्याचा संभव आहे. घरीही आपण हीच वर्गवारी का करू नये? खरेदीखत, शाळेचा दाखला, वडिलांचा आवाज, हे अ वर्गात. सणावाराच्या शुभेच्छांची चित्रे ड वर्गात, आणि ती खुशाल काढावीत!

म्हणून आमची सूचना चार वाक्यांत सांगतो. हट्टी फाईल दिसली की आधी तिला कोण धरून आहे ते पाहावे. हुकूम देण्यापूर्वी 'डिर' लिहून त्या नावाखाली नेमके काय आहे ते डोळ्यांनी वाचावे. जे काढावयाचे त्याची प्रत दुसऱ्या जागी ठेवावी आणि ती उघडते की नाही ते तपासावे. आणि रागाच्या भरात एंटरचे बटण दाबू नये. देवनागरी नाव काळ्या खिडकीत नुसत्या चौकोनांसारखे दिसले, तर गोंधळू नये. टॅबचे बटण दाबत गेल्यास खिडकी एकेक नाव आपणच पूर्ण भरून देते.