मागणीचा अर्ज आणि सुधारणेची सूचना



सरकारी कचेरीत कधी अर्जच केला नाही, असा पालक या सभेत क्वचितच सापडेल. उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, शिधापत्रिका, मुलांची शिष्यवृत्ती. अर्ज करण्यात आपण सारे तरबेज झालो आहोत. अर्जात आपण म्हणतो, "मला मिळावे." त्यात गैर काही नाही. परंतु लेखणीचा आणखी एक उपयोग आहे आणि तो आपण फारसा करत नाही. "नियम असा असावा, म्हणजे सर्वांना मिळेल," असे शासनाला कळवणे, हा तो उपयोग. यालाच मी सूचना म्हणतो. आजच्या माझ्या बोलण्याचा विषय ही सूचना आहे.

तुम्ही म्हणाल, आमच्यासारख्यांच्या सूचनेला विचारतो कोण? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर इतिहासात पाहू.

१८८२ साली इंग्रज सरकारने शिक्षणाची पाहणी करण्यासाठी सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी पुण्याहून महात्मा जोतीराव फुले यांनी या आयोगापुढे आपले निवेदन मांडले. ते सरकारी अधिकारी नव्हते. पुणे आणि आसपासच्या खेड्यांत शाळा चालवून जे पाहिले, तेवढेच त्यांच्या हाती होते. पण त्या निवेदनाची मांडणी पाहण्यासारखी आहे. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हे त्यांनी आधी दाखवून दिले. मग, निदान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून घ्यावेत, त्यांना नीट प्रशिक्षण द्यावे, पगार वाढवावा, असेही सांगितले. मुसलमान मुले या शाळांपासून दूर राहतात, याचीही नोंद त्या निवेदनात आहे. आपण आज जे बोलतो आहोत, ते एका माळी समाजातील गृहस्थाने तेव्हाच कागदावर लिहून ठेवले होते.

ती सूचना लगेच मान्य झाली का? नाही. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले, ते पुढच्या वर्षी फेटाळले गेले. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या कोल्हापूर संस्थानात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले. देशभरासाठी शिक्षणहक्काचा कायदा झाला २००९ साली आणि अंमलात आला १ एप्रिल २०१० रोजी. हिशेब करा, १२८ वर्षे झाली. एवढ्या काळात मागणी करणारे बदलले, पण मागणी तीच राहिली, कारण ती नेमकी होती.

दुसरे उदाहरण अलीकडचे आहे आणि आपल्या जिल्ह्याला जवळचे. १९७२ चा दुष्काळ येथील वडीलधाऱ्यांच्या स्मरणात असेल. सोलापूर जिल्ह्याला त्याची झळ फार बसली. खडी फोडण्याची कामे, मिलो ज्वारी, सुकडी हे शब्द ज्यांनी ते दिवस काढले त्यांना समजावून सांगावे लागत नाहीत. दुष्काळी कामे ही मात्र सरकारची मेहेरबानी. पाऊस पडला की कामे बंद. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांचे म्हणणे याच्या पुढचे होते. ते सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्याच्या विसापूरचे. १९६५ साली त्यांनी त्या भागात एक प्रयोग मांडला: जो अंगमेहनतीचे काम मागेल त्याला काम द्यायचे, आणि तेही दया म्हणून नव्हे, हक्क म्हणून. १९७२ मध्ये त्याची राज्यव्यापी योजना झाली, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला.

पागेसाहेब सभापती होते, त्यांचे ऐकले गेले यात नवल काय, असे कोणी म्हणेल. म्हणू द्या. पण पैशाचे काय, या प्रश्नाचेही उत्तर त्या योजनेला मिळाले म्हणून ती टिकली. शहरातील नोकरदारांवर १९७५ साली व्यवसाय कर बसवण्यात आला, तो या कामांच्या खर्चासाठी. तुमच्यापैकी जे नोकरीत आहेत त्यांच्या पगारपत्रकावर ही कपात आजही दिसते. मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून खेड्यातल्या मजुराला काम, अशी ती जोडणी होती. पुढे २००५ साली देशाचा रोजगार हमी कायदा झाला, त्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा मंजूर केला आहे. हक्क एकदा कायद्यात आला म्हणजे तो कायमचा तसाच राहतो असे समजू नये. मजुरी करणाऱ्या घरांनी तरी नव्या कायद्याची कलमे वाचून, निदान कोणाकडून वाचून घेऊन, समजून घेतली पाहिजेत.

माहितीच्या अधिकाराची कथाही अशीच मजुरीतूनच निघाली. राजस्थानातील मजुरांनी आपली हजेरीपत्रके पाहायला मागितली, १९९४ पासून गावोगाव जनसुनावण्या घेतल्या. १९९६ साली तर नागरिकांनीच या कायद्याचा मसुदा तयार करण्याचे काम हाती घेतले. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनाने राज्याचा कायदा आला आणि २००५ मध्ये सबंध देशाचा. आता दहा रुपये शुल्क भरून कोणीही माहिती मागू शकतो. आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर साधारण दीडशे शब्दांत बसवावा. उत्तराची मुदत तीस दिवस.

आता जरा जगाकडे पाहू. पाकिस्तानचे अर्थशास्त्रज्ञ डॉ. महबूब उल हक हे आपल्या देशाच्या नियोजन मंडळात होते. साठच्या दशकात तेथे उत्पादन वाढत होते, सरकार खूश होते. १९६८ साली त्यांनी जाहीरपणे सांगितले की देशाच्या उद्योगधंद्यांचा मोठा वाटा अवघ्या बावीस घराण्यांच्या हाती आहे. सरकारच्या नोकरीत राहून हे बोलायला छाती लागते. पुढे १९९० साली, अमर्त्य सेन यांच्यासारख्या मित्राची साथ घेऊन, त्यांनी संयुक्त राष्ट्रांचा पहिला मानव विकास अहवाल काढला. देश किती पुढे गेला हे केवळ उत्पन्नावरून ठरवू नका, माणूस किती वर्षे जगतो आणि किती शिकतो हेही मोजा, एवढेच त्यांचे म्हणणे. ही मोजणी आज जगभर होते. २०२५ च्या अहवालात १९३ देशांत भारताचा क्रमांक १३० वा आहे.

हा आकडा ऐकून आपण मान हलवतो आणि घरी जातो. पण हा आकडा तयार होतो तो गावागावातून. एक मुलगी सातवीनंतर घरी बसली की तो तेवढ्याने खाली येतो.

आपला अक्कलकोट तालुका सीमेवरचा. घरात उर्दू, बाजारात कन्नड, कचेरीत मराठी, अशी अनेक कुटुंबांची रीत. त्यामुळे पालकांना मनातले सांगता येते पण लिहिता येत नाही. ही अडचण सोडवायला विद्यार्थी आहेत. मी त्यांना एक काम सुचवतो. आपल्या गावातल्या, आपल्या मोहल्ल्यातल्या किती मुली सातवी किंवा दहावीनंतर शाळेत गेल्या नाहीत, हे घरोघर जाऊन मोजा. नावे लिहू नका, कोणाची बदनामी करू नका. फक्त कारण विचारा. लग्न ठरले, शाळा लांब, घरकाम, पैसा, शाळेत स्वच्छतागृह नाही, जे असेल ते. भीड वाटेल, काही घरांत दारही लावून घेतील. मुलींनी मुलींच्या आयांना विचारले तर उत्तर अधिक खरे मिळेल.

समजा, दहा घरांत एकच कारण निघाले की मुलींना एस.टी.चा मोफत पास आहे, पण शाळा सुटण्याच्या वेळेला गाडी नाही. मग "मुलींच्या शिक्षणाकडे लक्ष द्यावे" असे निवेदन देऊन उपयोग नाही. अशी निवेदने आपण पुष्कळ दिली, देताना छायाचित्रेही काढली. लिहायचे ते असे: अमुक गावच्या इतक्या मुली, शाळा इतक्या वाजता सुटते, सध्याची गाडी इतक्या वाजता जाते, ती इतकी मिनिटे उशिरा सोडावी, जादा गाडीची गरज नाही. असे पत्र वाचणाऱ्या अधिकाऱ्याला नाही म्हणायला कारण शोधावे लागते. तेच पत्र ग्रामसभेपुढे ठेवून ठराव करून घ्यावा. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा व्हावी लागते, आणि तिच्या आधी महिलांची सभा. आयाबहिणींनी त्या सभेला जावे, ही माझी पुरुष पालकांना विनंती आहे. त्यांना जाऊ द्यावे, असे मी म्हणणार नाही, कारण जाणे हा त्यांचा अधिकारच आहे. स्वयंपाक मात्र त्या दिवशी कोणीतरी दुसऱ्याने पाहावा.

अनुदानित अल्पसंख्याक शाळांत शाळा व्यवस्थापन समितीचे अधिकार सल्ला देण्यापुरते आहेत. जिल्हा परिषदेच्या आणि नगरपरिषदेच्या शाळांत मात्र या समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात, निम्म्या स्त्रिया असतात, आणि शाळेचा विकास आराखडा ती करते. आपल्यापैकी कित्येक जण या समितीवर आहेत आणि सही करण्यापलीकडे तिच्याकडे गेलेले नाहीत. पुढच्या बैठकीला तो आराखडा मागून घ्या. त्यात मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी आहे की नाही, एवढे एक कलम आधी पाहा.

दाखल्यांचेही तसेच. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखला किती दिवसांत द्यायचा हे ठरलेले आहे, आणि ती मुदत कचेरीच्या फलकावर लावायची असते. शिष्यवृत्तीची शेवटची तारीख आणि दाखल्याची मुदत यांचा मेळ बसत नसेल तर एकट्याने रांगेत भांडू नका. ज्यांचे अर्ज त्या कारणाने राहिले त्यांची संख्या काढा आणि तारीख बदलण्याची सूचना संस्थेमार्फत पाठवा.

संस्थेच्या कार्यालयात यासाठी एक नोंदवही ठेवावी, असे मी अध्यक्षसाहेबांना सुचवले आहे. कोणती सूचना, कोणाला, कोणत्या तारखेला, उत्तर आले की नाही, एवढे चार रकाने पुरेत. आणि पत्र देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबलापासून हलायचे नाही.