आधी दाखला, मग अर्ज

अपघातानं किंवा आजारानं हातचं काम सुटलं, तर संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा आधार घेता येतो. दिव्यांगत्व किमान ४० टक्के हवं, वय ६५ च्या आत, आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांपर्यंत.

तहसील कचेरी गाठण्याआधी मात्र दिव्यांगत्वाचा दाखला काढा. स्वावलंबन पोर्टलवर नोंदणी करून सरकारी रुग्णालयात तपासणीला जायचं. जाताना जुने केसपेपर, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, सगळं सोबत न्या.

खरं घोडं अडतं ते नावापाशी. आधारवर ‘विठ्ठल’, रेशनकार्डावर ‘विठ्ठलराव’ आणि पासबुकात आडनावच वेगळं! एवढ्यावरून गरजू माणसाला महिनोन्महिने ताटकळावं लागतं, याचं फार वाईट वाटतं. म्हणून नावं आधीच जुळवून घ्या.

अर्ज तहसीलच्या संजय गांधी शाखेत द्या, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मंजुरीनंतर पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होतात. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांसाठी ही रक्कम महिना अडीच हजार रुपये आहे. पुढे दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा, नाहीतर अनुदान थांबू शकतं.